न बघता सांगितलेला शेवट

नांदेडला पोराच्या घरी टीव्हीवर जुना सिनेमा लागला की सूनबाई आधी माझ्याकडं वळून बघते. "मामा, तोंड बंद ठिवा बरं का," म्हणते. मी ठेवतो. अर्धा तास तरी ठेवतो. मग पडद्यावर कुणीतरी खोकतं आणि माझ्या तोंडून निघूनच जातं, "हा मध्यंतराच्या पुढं जगत न्हाई." नातू उशी फेकून मारतो. पण मध्यंतर येतं तेव्हा तो माणूस गेलेला असतो. मी चौथी नापास आहे. परीक्षेला बसून नापास, घरी बसून नाही. हा फरक मी प्रत्येकाला सांगतो. हे जे लिहितो आहे ते माझ्या हातानं लिहितो आहे. नातीनं वेलांट्या बघून दिल्या, त्यापलीकडं तिला एक शब्द हलवू दिला नाही. ती म्हणाली, आजोबा, तुमची वाक्यं लई लांब होऊन राहिलीत. म्हटलं, होऊ दे, मला कुठं गाडी धरायचीय.

उदगीरला आमचं बारदान्याचं काम होतं. उदगीर म्हणजे धान्याचं गाव. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, ज्वारी यायची, तूर, हरभरा, करडई यायची, आणि धान्य आलं की पोती आली, पोती आली की ती फाटणार. फाटकी पोती अप्पा उचलून आणायचा, घरच्या बाया ती झटकायच्या, ठिगळं लावून शिवायच्या, आणि तीच पोती परत मोंढ्यात जायची. आमच्यात कानडी वळणानं बापाला अप्पा, आईला अव्वा, थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात आणि धाकट्या भावाला तम्मा. मी तम्मा. घरात कुठंही बसा, तागाचा वास यायचा. भाकरीवर शेंगाची चटणी घेतली तर तिच्यातही एखादा तागाचा धागा निघायचा. तो काढून टाकायचा आणि खायचं. सकाळी पोती झटकायचा धप्‌ धप्‌ आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. दुपारी तो थांबायचा आणि शिवण सुरू व्हायची. अंगणात बाया गोल करून बसायच्या, हातात वीतभर दाभण, मांडीवर सुतळीचा गुंडा. दाभण तागात शिरताना खर्र आवाज करतं, आणि प्रत्येक बाईचा आवाज निराळा असतो. अव्वाचा टाका घाईचा. शेजारच्या रजियाबीचा लांब आणि आळशी. गंगव्वा नावाची एक म्हातारी विधवा यायची, तिचा टाका इतका सावकाश की मधे झोप लागली का काय वाटावं. मी डोळे मिटून सांगू शकायचो कोण शिवत आहे.

गावातली टॉकीज पत्र्याची होती. दुपारच्या खेळाला दारांच्या फटीतून ऊन आत यायचं आणि पडदा चुन्यासारखा पांढरा दिसायचा. नट कोण, नटी कोण, कळायचं नाही. मग मालकानं आमच्याकडून पोत्यांचे जाड, दुहेरी पडदे शिवून घेतले आणि दारांवर टांगले. त्या बदल्यात ठरलं की दर नव्या सिनेमाला आमच्या घरचा एक माणूस पुढच्या बाकावर फुकट बसेल. बायांना अप्पा जाऊ देत नव्हता. अप्पाला स्वतःला अंधारात बसलं की झोप यायची. राहिलो मी. पण अव्वानं अट घातली की मी बघून यायचं आणि अंगणात बसून सगळं सांगायचं, एकही गोष्ट गाळायची नाही. असा मी घरचा सिनेमा झालो. एक सिनेमा मी तीन दुपार पुरवायचो. पोत्यांच्या ढिगावर बसायचो, राजाचा आवाज वेगळा, नोकराचा वेगळा, आणि गाणी मात्र म्हणत नव्हतो, कारण एकदा म्हटलं तेव्हा रजियाबी म्हणाली, "बेटा, गाना नक्को, बस इतना बोल के गाना हुआ."

त्या वर्षी पंचमीला अक्काला आणायला मी नांदेडला गेलो. सासरहून मुलीला आणायला जो भाऊ जातो त्याला आमच्याकडं मुराळी म्हणतात. अक्काचं नाव नीलम्मा. तिचं लग्न होऊन अडीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. तिचं घर मोंढ्याजवळ, सासऱ्याचं दुकान, पुढं ओटा. मी पोचलो तर ती आपली पत्र्याची पेटी घेऊन दारातच उभी. मला पाणीसुद्धा न विचारता म्हणाली, "चल." कंधारच्या स्टँडवर एस.टी. थांबली तेव्हा मी भजी आणली, आणि तिनं ती सगळी एकटीनं खाल्ली, मला एक घे म्हटलं नाही. माझ्या अक्कानं जन्मात असं केलं नव्हतं. कागद चुरगाळून टाकल्यावर तिच्या ते ध्यानात आलं आणि ती खिडकीबाहेर बघायला लागली. पदर सरकला तेव्हा मला तिच्या हातावरचा डाग दिसला. मी विचारलं, तर म्हणाली, तव्याचा चटका बसला. तवा गोल असतो. डाग उलथन्यासारखा लांब होता. मी चौदा वर्षांचा होतो, पण एवढं मला कळत होतं.

पंचमीला अव्वानं पुरणाचे दिंड केले, ज्वारीच्या लाह्या फोडल्या. पोळ्याला हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, झाली. गौरी आल्या आणि गेल्या. अक्का जायचं नाव काढीना, आणि घरात कुणी तिला तोंडावर विचारीना. ती दिवसभर पोती शिवायची. तिच्या दाभणाचा आवाजच नव्हता. ती आधी धागे बाजूला सारायची आणि मग त्या वाटेनं सुई घालायची.

दुपारची भाकरी झाली की ती आणि मी चिंचोके खेळायचो. एकवीस चिंचोके मांडायचे. आळीपाळीनं उचलायचे, एका खेपेला एक, दोन किंवा तीन. शेवटचा ज्याच्या वाट्याला येईल तो गाढव. एवढाच खेळ. अक्का दर वेळी म्हणायची, "तू ल्हान हाईस, तू आधी." मला तो मान वाटायचा. मी आधी उचलायचो आणि दर वेळी गाढव व्हायचो. एकदा हरलं तर नशीब म्हणता येतं. मी तेवीस दिवस हरलो. हट्टी माणूस हरायला लागला की त्याची भूक जाते. अव्वा म्हणाली, "दे की गं त्याला एकदा जिंकू." अक्का म्हणाली, "म्या कुठं धरलंय त्याला?"

मग एक दिवस मी खेळणं थांबवलं आणि एकटाच माळवदावर चिंचोके घेऊन बसलो. माझी उचल एकीकडं ठेवली, तिची एकीकडं. ती कशी खेळायची ते आठवून आठवून मांडलं. मी एक उचलला की तिनं तीन उचललेले. मी दोन, तर ती दोन. मी तीन, तर ती एक. दर फेरीला दोघांचे मिळून चार. एकविसातून चार चार जात राहिले की शेवटी एक उरतो, आणि तो ज्यानं आधी सुरुवात केली त्याच्या नशिबी. मी ओरडत खाली आलो. "अक्का, आज तू आधी." तिनं माझ्याकडं बघितलं, चिंचोके गोळा केले आणि डब्यात टाकले. "सापडली व्हय मेख," म्हणाली. "आता हा खेळ संपला. मेख सापडलेला खेळ कशाला खेळायचा." त्यानंतर आम्ही तो खेळ खरंच खेळलो नाही. मला जिंकायचं राहूनच गेलं, ते आजही सलतं.

पण डोक्याला चटक लागली. वाटायला लागलं की मेख जर चिंचोक्यांत असते तर सिनेमातही असणार. मी टॉकीजमध्ये बसून नट बघायचं सोडलं आणि मोजायला लागलो. ज्या घरात सगळी माणसं एकदम हसतात, त्या घरावर थोड्याच वेळात काहीतरी कोसळतं. डॉक्टरनं चष्मा काढला की माणूस गेला समजायचं, पोराटोरांना बाहेर घ्यायचं. पहिल्या अर्ध्यात जी वस्तू हातातून पडते ती दुसऱ्या अर्ध्यात सापडते, मग ती अंगठी असो की चिठ्ठी. आणि मध्यंतराच्या आधी जो सगळ्यात कठोर बोलतो, तोच शेवटाला रडतो. महिन्याभरात मी असा तयार झालो की मध्यंतरात बाहेर येऊन मी गेटकीपरला पुढचं सांगायचो. तो दहा-दहा वेळा तोच सिनेमा बघणारा माणूस, तो म्हणायचा, "मागं कुठं बघितलास रे?" मी छाती काढून म्हणायचो, "कुठंच न्हाई." ही बढाई मला लई गोड लागायची. आता नातू म्हणतो की सिनेमाचे असे साचे शिकवणारी पुस्तकं असतात. असतील. मी पोत्यावर बसून शिकलो.

दसरा जवळ आला तसं गल्लीतलं बोलणं वाढलं. एक दिवस अप्पानं मला दुकानात बोलावलं. अप्पा कमी बोलणारा. त्यानं पोत्यांची चवड हातानं सारखी केली, परत सारखी केली, आणि मग म्हणाला, "तम्मा, तुझ्या सिनेमात पोरी नांदायला परत जात्यात का न्हाई?"

"जात्यात की."

"मग तसला एक सांग. सावकाश सांग, लांबड लावून. हिचं मन वळलं पायजे. दसऱ्याच्या आत मला पोरगी तिच्या घरी पायजे." वर आणखी म्हणाला, "तुझं ती ऐकती."

बापानं मला आयुष्यात पहिल्यांदा असं काम सांगितलं होतं जे दुसऱ्या कुणाला जमणार नव्हतं. मी फुगलो. त्याच आठवड्यात टॉकीजला सिनेमा लागला तोही तसलाच: मोठी हवेली, कडक सासू, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, सून सगळ्यांच्या मागून जेवणारी. मध्यंतराच्या आधी सून माहेरी निघून येते आणि सासू दारात उभी राहून म्हणते की हा उंबरा तुला बंद. मध्यंतर झालं, सिनेमा परत सुरू झाला, दहा मिनिटं चालला आणि वीज गेली. तासभर आम्ही अंधारात घाम पुसत बसलो. शेवटी गेटकीपर म्हणाला, उद्या या. पण घरी चार बाया दाभणं हातात घेऊन बसल्या होत्या आणि बापाचं काम माझ्या अंगावर होतं. उद्या कशाला? शेवट मला ठाऊक होता.

मी सांगितला. तीन दुपार सांगितला. असा मी परत कधी सांगितला नाही. सासू तापानं फणफणते, नातेवाईक पाठ फिरवतात, सून बोलावणं नसताना परत येते, सात दिवस उशाशी बसते. आठव्या दिवशी सासू डोळे उघडते, थरथरत्या हातानं कमरेचा जुडगा काढते आणि सुनेच्या कमरेला खोचते. "ह्या घराची मालकीण तू," म्हणते. रजियाबी पदरानं डोळे पुसत राहिली. गंगव्वाचं दाभण अर्ध्या टाक्यात थांबलेलं. अव्वानं एकदाच अक्काकडं बघितलं. अक्का शिवत होती. पोतं पुरं केलं, सुतळी दातानं तोडली आणि म्हणाली, "चांगला हाय सिनेमा." संध्याकाळी तिनं माळ्यावरून आपली पत्र्याची पेटी खाली काढली.

अप्पानं नांदेडला निरोप धाडला. न्यायला या. जेवताना अप्पानं आपल्या ताटातला धपाट्याचा तुकडा माझ्या ताटात ठेवला. तो तुकडा मी खाल्ला, हे कबूल करतो. चवीनं खाल्ला.

पण मन शांत नव्हतं. बघितलंच नाही ते बघितलं म्हणून सांगितलं होतं. हट्टी माणसाला हे खोटेपण बोचतं. दोन दिवसांनी, पावणे यायच्या आदल्या दुपारी, मी टॉकीजला गेलो आणि राहिलेला सिनेमा बघितला. मला वाटत होतं, शेवट निराळा निघेल, मग पळत घरी जाऊन सांगता येईल. शेवट निराळा नव्हता. सासू तापानं पडत नाही, जिन्यावरून पडते. एवढाच फरक. पुढं सून येते, उशाशी बसते, सासू जुडगा काढते आणि सुनेच्या कमरेला खोचते. माझ्या तोंडातलंच वाक्य सासूच्या तोंडात होतं. पुढच्या बाकावरची पोरं टाळ्या वाजवत होती आणि मी क्षणभर असा फुगलो, जसा काही सिनेमा मीच काढला होता. बाहेर उन्हात आलो. मोंढ्याच्या कोपऱ्यापर्यंत तसाच फुगून चाललो. तिथं बैलगाड्या उभ्या होत्या, मला थांबावं लागलं, आणि थांबल्यावर अंगातलं वारं निघून गेलं. चिंचोक्यांत मला पुढचं का कळायला लागलं? कारण कुणीतरी ते आधीच चार-चारात बसवलेलं होतं. मग हा शेवट मला न बघता कसा आला? तोही कुणीतरी बसवलेला होता. आणि अक्का त्या बसवलेल्या शेवटावर भरवसा ठेवून पेटी भरत होती.

घरी आलो तर अंगणात बाया शिवत होत्या आणि अक्का पेटीला सुतळी बांधत होती, कारण पेटीची कडी मोडकी होती. मी चपला न काढता मधोमध जाऊन उभा राहिलो.

"अक्का, तुला सांगितला त्यो शेवट म्या बघितला नव्हता. वीज गेलती. मनानं सांगितला."

रजियाबीनं दाभण खाली ठेवलं. "झूटे, तीन दिन रुलाया मेरेकू."

"आज बघून आलो."

"मग? निराळा हाय?" अव्वानं विचारलं.

"न्हाई. तसाच हाय."

गंगव्वा म्हणाली, "मग झालं की बाबा. उगा का बोंबलून राहिलास? घाबरले म्या."

मला नीट सांगता येईना. तेव्हाही येत नव्हतं आणि आजही लिहिताना दोनदा खोडलं आहे. मी घरात गेलो, चिंचोक्यांचा डबा आणला आणि फरशीवर कोळशानं दोन घरं काढली. म्हटलं, "आतापातुर जेवढं सिनेमे सांगितले, तेवढ्यात ज्या सुना परत गेल्या त्यांचा एक-एक चिंचोका मांडतो. सासू सुधारली तर हिकडं. न्हाई सुधारली तर तिकडं." एक-एक सिनेमाची खूण सांगत मी मांडत गेलो, किल्ल्यांचा, विहिरीचा, आंधळ्या सासऱ्याचा. नऊ सिनेमे झाले. नऊच्या नऊ चिंचोके इकडच्या घरात. तिकडं एकही नाही. "आता आपल्या गल्लीतल्या मांडा," मी म्हटलं आणि मूठभर चिंचोके मधे ओतले. "तुमच्या बघण्यातल्या. परत गेलेल्या."

मग रजियाबीनं हात पुढं केला. "मेरी छोटी बहन," म्हणाली आणि चिंचोका तिकडं ठेवला. अजून एक घेतला. "खाला की बेटी." तोही तिकडं. गंगव्वानं बराच वेळ आठवलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि तीन चिंचोके एका मुठीनं तिकडं सारले, नावं सांगितली नाहीत. अव्वा म्हणाली, "असं कसं, समदंच वाईट न्हाई हाय जगात." आणि तिनं एक चिंचोका उचलून सिनेमाच्या बाजूला, त्या नवांच्या शेजारी ठेवला. "ही मी. म्या गेल्ते परत. माझी सासू सुधारली."

तो चिंचोका तिथं राहिला. अव्वानं दाभण उचललं, दोन टाके घातले. तिसरा टाका घालताना थांबली. दाभण पोत्यात तसंच खोचून ठेवलं, हात लांब केला आणि आपला चिंचोका उचलून दुसऱ्या घरात ठेवला. "म्हातारी लकव्यानं आडवी झाली म्हनून गप बसली," ती म्हणाली. "सुधारली न्हाई."

तेव्हा मला दारात अप्पा दिसला. तो पाणी प्यायला आला होता, आणि कधीपासून उभा होता देव जाणे. म्हातारी म्हणजे त्याची आई. अव्वानं मान वर केली, त्याला बघितलं आणि मान खाली घातली नाही. अप्पा पाणी न पिता दुकानात परत गेला. माझ्या मुठीत एक चिंचोका राहिला होता; तो कुणाचा ते कुणी विचारलं नाही. अक्कानं पेटीची सुतळी सोडली नाही. पण गाठ मारायची राहिली होती ती मारलीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी आणि त्यांचे वडील आले. अप्पानं हात जोडून शरणार्थ केला, पाट मांडले, अव्वानं चहा दिला. दाजींचे वडील बोलायला गोड. पाऊस कसा झाला, तुरीला फूल कसं आहे, नांदेडला पोत्यांची मागणी कशी वाढून राहिली आहे, सगळं बोलले. मग म्हणाले, "चला मग, दहाची गाडी धरतो. सूनबाईला म्हणावं आटपा." दाजी बशीत चहा ओतून फुंकत होते.

अप्पा म्हणाला, "इचारतो."

"काय इचारता?"

"तिला इचारतो." आणि त्यानं आत हाक मारली. "नीला, भाईर ये."

अक्का चौकटीत येऊन उभी राहिली. आमच्या घरात पोरीला काही विचारायची रीत नव्हती, सांगायची होती, आणि अप्पाला विचारायचं कसं ते नीट येत नव्हतं. त्यानं दोनदा घसा साफ केला. "हे न्यायला आलेत. तुला जायाचं का?"

मला वाटलं ती रडेल. सिनेमात रडली असती. अक्का म्हणाली, "न्हाई."

"का न्हाई, ते तरी सांग म्हनावं," दाजींचे वडील म्हणाले.

अक्कानं पदर खांद्याकडं सारला आणि हात पुढं केला, नुसता, जसा आपण वाण घेताना करतो. डाग आता काळा पडला होता. दाजींचा फुंकर घालणारा तोंडाचा चंबू तसाच राहिला. अप्पानं तो हात पहिल्यांदाच बघितला. मग तो पावण्यांकडं वळला आणि म्हणाला, "चहा घ्या. थंड होऊन राहिला." त्या घरात त्यापेक्षा कडक शब्द मी कधी ऐकला नाही. पावण्यांनी चहा तसाच ठेवला आणि उठले. जाताना दाजींचे वडील म्हणाले, "गल्लीला काय सांगणार?" अव्वा आतून म्हणाली, "गल्लीला म्हाईतच हाय की."

ते गेल्यावर घर सुनं सुनं झालं. अप्पा ओट्यावर बसून राहिला, दुकान उघडायला गेला नाही. रजियाबी आणि गंगव्वा वेळेवर आल्या, बसल्या, पण दाभण कुणी हातात घेतलं नाही. खरी भीती तेव्हा वाटायला लागली. पोरगी ठेवून घेतली, पण पुढं काय? जन्मभर पोती? अप्पा तेच बोलला, कुणाला असं नाही, भिंतीला बोलला. "आता हिचं पुढं काय करायचं?"

अक्का अजून चौकटीतच होती. म्हणाली, "लातूरला दवाखान्यात बाया घेऊन राहिलेत. नर्सच्या कामाला, शिकवून घेत्यात. राह्याची सोय हाय. सातवी लागती."

"मग? सातवी कुठून आणायची?"

"माझी झालीय, अप्पा."

अप्पानं तिच्याकडं असं बघितलं जसं काही तिनं दुसऱ्या गावाची भाषा काढली. "तू सातवी हाईस?"

"शाळंत पयली आल्ते."

मी चौथीला नापास झालो तेव्हा घरात दोन दिवस चूल नीट पेटली नव्हती. अप्पानं मास्तराचे पाय धरले होते, अव्वानं नवस बोलला होता, शेजारपाजार समजूत काढायला आला होता. आणि हिची सातवी कधी झाली, ती पहिली कधी आली, हे त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं, मलाही नाही. ज्या साली तिचा निकाल लागला त्याच साली कुणाची मुंज गाजावी तशी माझी लिंगदीक्षा गाजली होती. हे लिहिताना मला लाज वाटते. नात म्हणते, हे काढून टाका. नाही काढणार.

"कागद हाय का त्याचा?" अप्पानं विचारलं.

अक्का आत गेली. पेटीची सुतळी सोडल्याचा आवाज आला, कपडे उपसल्याचा आला. ती चौघडी घातलेला एक कागद घेऊन बाहेर आली. नांदेडला अडीच वर्षं तो तिच्या लुगड्यांच्या तळाशी होता. अप्पानं चष्मा लावला, कागद उजेडाकडं धरला, लांब केला, जवळ केला. अप्पा निजामाच्या वेळच्या शाळेत शिकलेला. उर्दू झरझर वाचायचा, दुकानाची वही कानडीत लिहायचा, पण ही आपली बाळबोध अक्षरं त्याला धड लागत नव्हती. हे त्यानं आजपर्यंत कुणाला कळू दिलं नव्हतं. माझा हट्ट कुठून आला ते ह्यावरून समजा. त्यानं कागदावरून बोट फिरवलं, एका जागी थांबवलं, परत फिरवलं. मग चष्मा काढला आणि कागद तिच्याकडं धरला.

"तूच वाच," म्हणाला. "मोठ्यानं."

अक्का अंगणात मधोमध उभी राहून वाचायला लागली. विद्यार्थिनीचं संपूर्ण नाव. तिचं नाव, मग अप्पाचं नाव, मग आमचं आडनाव. जन्मगाव. इयत्ता. गुण. तिचा आवाज सुरुवातीला बारीक होता, आकड्यांपाशी आल्यावर खुलला. शेवटी आलं, वर्तणूक, चांगली. रजियाबी म्हणाली, "वो तो कागज के बिना भी मालूम था," आणि गंगव्वाला हसू फुटलं, मग अव्वाला. अप्पा हसला नाही. तो खाली बघत ऐकत होता, आणि वाचून झालं तरी तसाच बसून राहिला.

"परत वाच," म्हणाला.